राखेंतील द्राक्षमळे

ज्वालामुखीनें सुपीक शेतेंच गाडून टाकलीं, तर शेतकऱ्यानें करावें काय? आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोरील स्पेनच्या लान्सारोते बेटावर १७३० ते १७३६ पर्यंत हें संकट कोसळलें. ला हेरिया भागांतील लोकांनीं राख खणून खोल खळगे केले, खालच्या मूळ मातींत एकेक द्राक्षवेल लावली आणि वाऱ्याच्या बाजूस दगडांची अर्धवर्तुळाकार भिंत रचली. पाऊस वर्षाकाठीं जेमतेम ६ इंच; परंतु सच्छिद्र राख पाणी झिरपूं देते आणि ओल उडूं देत नाहीं. तेथील माल्वासिया द्राक्षांचें मद्य तेगीसे गांवच्या खाद्योत्सवांत प्रवासी आवडीनें चाखतात. मद्य ज्यांस वर्ज्य, त्यांनींहि ते खळगे अवश्य पाहावे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणहि लाव्हारसाचाच. नाशिकचीं द्राक्षें त्याच्याच मातींत पिकतात.