क्षमा: श्रद्धेची खरी कसोटी

दर रविवारी मिस्सामध्ये 'हे आमच्या पित्या' म्हणताना आपण देवाकडे क्षमा मागतो आणि त्याच श्वासात इतरांना क्षमा केल्याचेही सांगतो. बांधाच्या वादावरून सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे अबोला धरणाऱ्या आपल्याला हे शब्द किती जड आहेत, याची जाणीव असायला हवी.

मध्य प्रदेशात भूमिहीन शेतमजुरांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसप्रवासात भोसकून हत्या करण्यात आली. २००२ साली त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि मारेकरी समुंदर सिंग याच्या मनगटावर तिने राखी बांधली. पुढे कुटुंबीयांनीच त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला व २००६ साली तो मुक्त झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी सिस्टर राणी मारिया यांना इंदूर येथे 'धन्य' घोषित करण्यात आले.

क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणे नव्हे. समुंदरने अकरा वर्षे शिक्षा भोगलीच. शिवाय हत्या आणि राखी यांमध्ये सात वर्षे गेली. आम्हांला त्या सात वर्षांचा मोठा आधार वाटतो. आपल्या अबोल्यालाही कदाचित तेवढीच झाली असतील.