कोठडीतली दाढदुखी
१९७३ मध्ये टेक्सासच्या तुरुंगात काम करताना एका कैद्याच्या अंगावर कापसाची गासडी पडली. उपचार नीट होत नाहीत म्हणून त्याने हाताने लिहून दावा लावला. १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले : गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून काणाडोळा करणे ही घटनेने मनाई केलेली क्रूर शिक्षाच आहे. तो स्वतः मात्र हरला. कारण त्याला १७ वेळा तपासले होते. बाहेरच्या गरिबालाही फुकट उपचार मिळत नाहीत, मग कैद्याचे लाड कशाला, असे विचारले जाते. पण बाहेरचा माणूस उसनवारी करून दवाखाना गाठतो; कोठडीतल्याची दाढ सुजली तर अर्ज देऊन वाट पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही नसते. शिवाय दावा जिंकायला निव्वळ हलगर्जीपणा दाखवणे पुरत नाही. अधिकाऱ्याला धोका ठाऊक होता, हेही कैद्यानेच सिद्ध करायचे, असे त्याच न्यायालयाच्या १९९४ च्या निकालाने पक्के केले. कोंडलेल्या माणसावर हे ओझे टाकणे मला अन्यायाचे वाटते.