एका मिलिमीटरची कसोटी

सप्टेंबरमध्ये साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांचे फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. पण त्याच फुलावर बसलेल्या माशीचा किंवा भुंग्याचा जवळून फोटो घ्यायचा म्हटले, की भल्याभल्यांची फजिती होते. किडा उडून जातो, नाहीतर फोटो पुसट येतो. ‘याला फार चिकाटी लागते,’ असे म्हणून मग नाद सोडला जातो. ही चिकाटी म्हणजे नुसते ताटकळणे नव्हे. भिंगाचे नियम आणि कीटकाचे शरीर समजले, की नेमके कशासाठी थांबायचे ते कळते.

पहिली अडचण भिंगाची. कॅमेरा कीटकाच्या जितका जवळ, तितकी फोटोतली स्पष्ट दिसणारी जागा कमी. एक सेंटिमीटरचा कीटक सेन्सरवरही एक सेंटिमीटरचाच उमटेल इतके जवळ गेले, तर मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात ‘एफ ११’ एवढे लहान छिद्र ठेवूनही जेमतेम सव्वा मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळे नीट आले तर पंख पुसट होतात. छिद्र आणखी लहान करावे, तर प्रकाश अपुरा पडतो. अशा वेळी वाऱ्याची झुळूक किंवा स्वतःचा श्वासही फोटो बिघडवायला पुरतो. म्हणून पान हलायचे थांबेपर्यंत थांबावेच लागते.

दुसरी गोष्ट तापमानाची. आपल्यासारखे शरीराचे तापमान कायम राखणे कीटकांना जमत नाही. पहाटेच्या गारव्यात त्यांचे उडण्याचे स्नायू थंड असतात. फुलपाखरे पंख पसरून उन्हे अंगावर घेतात आणि स्नायू पुरेसे तापल्यावरच उडतात. म्हणूनच दव असताना, ऊन चढण्याआधीचा तासभर सर्वांत मोलाचा. त्या वेळी वाराही बहुधा पडलेला असतो.

तिसरी गोष्ट नजरेची. कीटकांचे डोळे असंख्य नेत्रिकांचे बनलेले असतात. मोठ्या चतुराच्या एका डोळ्यात त्या २० हजारांहून अधिक असू शकतात. या डोळ्यांना बारकावे फारसे दिसत नाहीत, पण हालचाल लगेच टिपता येते. माणसाला सेकंदाला साधारण ६० वेळा होणारी उघडझाप वेगवेगळी कळते. काही माश्यांना २०० हून अधिक. झटकन पुढे केलेला हात किंवा अंगावर पडलेली सावली त्यांना लगेच जाणवते. कणाकणाने पुढे सरकणारा माणूस मात्र त्यांना सहसा धोक्याचा वाटत नाही. चतुर उडाला तरी त्याच्या मागे धावू नये. अनेक जातींचे चतुर फेरी मारून पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात.

एवढा धीर नसलेले काही जण कीटकाला फ्रिजमध्ये ठेवून गारठवतात किंवा चिमटीत धरून हवा तसा बसवतात. त्यात नाजूक पाय आणि पंख मोडतात. शिवाय तो काय खातो, कुठे बसतो, कोणाला घाबरतो, ही सगळी माहिती फोटोतून नाहीशी होते. पठारावर फुले तुडवून, आडवे पडून काढलेल्या फोटोची किंमतही अशीच झाडांना मोजावी लागते.

ही माहिती किती मोलाची असते, हे सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्याने अनुभवले आहे. २००२ मध्ये इथल्या उसावर लोकरी मावा आला. पानाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या लोकरीसारखा थर दिसे. पण त्या लोकरीतला प्रत्येक जीव शत्रू नव्हता. डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस या कीटकाची अळी, दोघीही त्या माव्यावरच जगतात. पुढे मावा आटोक्यात आणायला याच मित्रकीटकांचा मोठा उपयोग झाला. वरवर पाहणाऱ्याला मात्र अळी दिसली की ती किडीचीच वाटते. सरसकट फवारणी केली, तर माव्याबरोबर त्याला खाणारेही मरतात.

हा फरक ओळखायला महागडा कॅमेरा लागतोच असे नाही. मोबाइलला अडकवायचे साधे भिंगही बरेच काही दाखवते. सरावासाठी रस्त्याकडेची रुई उत्तम. तिच्या पानांवर ‘प्लेन टायगर’ फुलपाखराच्या अळ्या सापडतात आणि त्या पळून जात नाहीत. हात स्थिर झाला, की उसाचे पान उलटून पाहावे आणि तिथली अळी काय खाते आहे, हे दिसेपर्यंत थांबावे. पंप पाठीवर घ्यायचा की नाही, याचे उत्तर बऱ्याचदा तिथेच मिळते.