उंची व गुरांचे आरोग्य

समुद्रसपाटीपासूनची उंची वाढत जाते तसतसा वातावरणाचा दाब कमी होतो व श्वासावाटे मिळणारा ऑक्सिजनही घटतो. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सु. २१ टक्केच राहते. परंतु समुद्रसपाटीवर ७६० मिमी. असणारा दाब ३,००० मी. उंचीवर सु. ५२५ मिमी. भरतो. या न्यूनतेमुळे गुरांच्या शरीरात दोन बदल घडून येतात. रक्तातील तांबड्या कोशिका व हीमोग्लोबिन यांचे प्रमाण वाढते आणि फुप्फुसांतील बारीक रोहिण्या आकुंचन पावतात. पहिला बदल बव्हंशी उपकारक असतो. दुसरा घातक ठरू शकतो. गुरांच्या या रोहिण्यांच्या भित्तीत स्नायूंचा थर जाड असल्याने त्यांचे आकुंचन मेंढ्यांच्या मानाने पुष्कळच तीव्र असते. ते टिकून राहिल्यास हृदयाच्या उजव्या निलयावर भार पडून ते फुगते व अखेर दुबळे होते. नीलांमध्ये रक्त तुंबते, त्यातील द्रव झिरपतो आणि छातीचा पुढील भाग, गळ्याची पोळी व जबड्याखालचा भाग सुजतो. मानेवरील नीला ठळक दिसतात, जनावर धापा टाकते, हगवण लागते व बहुधा मृत्यू ओढवतो.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील उंच कुरणांवर चरणाऱ्या मांसोत्पादक गुरांतील या विकाराचे वर्णन ग्लोव्हर व न्यूसम यांनी १९१५ मध्ये केले. जनावर वेळीच खाली आणणे हाच त्यावरील मुख्य उपाय होय. फुप्फुस रोहिणीतील दाब आनुवंशिक असल्याने तेथे तो मोजून कमी दाबाचे वळू पैदाशीसाठी निवडतात. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लडाखमधील पाहणीत याक व त्याचा गायीशी संकर असलेला झो यांच्यात हा दाब गायींपेक्षा कमी आढळला.

हा विकार सामान्यतः १,५०० मी.च्या वर व विशेषतः २,००० मी.हून अधिक उंचीवर उद्भवतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई शिखरही १,६४६ मी. आहे, नासिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याच्या गावांची व चराऊ रानांची उंची त्याहून बरीच कमी आहे. येथील गुरांची खरी कसोटी लागते ती सह्याद्रीवरील मुसळधार पावसात. डांगी जातीची तेलकट कातडी व काळे, टणक खूर या पावसाला अनुरूप आहेत.

म्हणून सुरगाण्यात गुराचा जबडा वा पोळी सुजल्यास उंचीला दोष देणे व्यर्थ होय. पाणथळ भातखाचरांतील गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या यकृत पर्णकृमींमुळे जबड्याखाली मऊ, थंड सूज येते. कृमी रक्त शोषतात व रक्तातील प्रथिनेही घटतात. रक्त दाट होण्याऐवजी पातळ होते आणि डोळ्यांच्या आतील त्वचा फिकट पडते. गोचिडांमार्फत होणाऱ्या रोगांतही रक्तक्षय होतो. याउलट घशाची सूज गरम व दुखरी असून तीव्र ताप व घरघर असल्यास तो घटसर्प समजावा. त्यात जनावर एका दिवसातही दगावते, म्हणून पावसाळ्यापूर्वीच लस टोचून घेतात. उंचीच्या विकाराशी सर्वांत अधिक साम्य असते ते चाऱ्याबरोबर गिळलेली तार वा खिळा जाळीदार जठरातून हृदयावरणात शिरल्यास. पोळी तशीच सुजते, मानेच्या नीला तशाच फुगतात. मात्र ताप असतो, कोपरे बाहेर काढून जनावर अवघडून उभे राहते व ते डोंगरावरून खाली आणल्याने काहीच फरक पडत नाही.