डेकवरची छत्री आणि घाटमाथ्याचं वारं

लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांत आणि पवना धरणाच्या काठच्या होम-स्टेमध्ये हल्ली एक गोष्ट हमखास दिसते. घरापुढे लाकडी फळ्यांचा डेक, त्यावर टेबल-खुर्च्या आणि वर ही मोठ्ठी रंगीत छत्री. पाहुण्यांना तिच्याखाली बसून चहा-भजी खायला आवडतं, फोटोही छान येतात. मावळातल्या आपल्या कितीतरी बायका आता घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. त्यांच्याही गच्चीवर ही छत्री आलीय. पण ती बनवलेली असते समुद्रकिनाऱ्यावरच्या उन्हासाठी, आणि उघडायची असते आपल्या घाटमाथ्यावर!

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच, अगदी सह्याद्रीच्या कड्यावर. जूनपासून कोकणातून वर चढणारं वारं थेट अंगावर येतं. आणि वाऱ्याचं गणित फसवं असतं. त्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. नऊ फुटी छत्रीच्या पोटात ताशी ४० किलोमीटरचं वारं शिरलं, तर तिला उचलणारा जोर चाळीसेक किलोपर्यंत जाऊ शकतो. ओळखीच्या एका घरची छत्री अशीच गच्चीवरून उडाली आणि शेजारच्या गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन आदळली. तिथे नेहमी पोरं खेळतात, त्या दिवशी नव्हती म्हणून निभावलं. लोखंडी दांडा आहे तो, पतंग नव्हे.

दुकानदार छत्रीबरोबर प्लास्टिकचा पोकळ पाया देतो आणि सांगतो, ‘पाणी भरा की झालं.’ नाही होत. पाण्याऐवजी त्यात ओली वाळू ठासून भरा, वजन बरंच वाढतं. टेबलाच्या भोकातून जाणाऱ्या छत्रीला २५ किलोचा पाया तरी हवाच. नुसत्या उभ्या छत्रीला त्याच्या दुप्पट. आणि ती एका बाजूच्या खांबावरून लटकणारी फॅशनेबल छत्री असते ना, तिला ८०-१०० किलो वजन लागतं. माझं विचाराल तर घाटमाथ्यावर ती घेऊच नये.

डेकवर पाया पक्का करायचा असेल, तर वरच्या फळीत स्क्रू मारून भागत नाही. फळी पातळ असते, स्क्रू उपटून निघतो. खालच्या तुळईपर्यंत आरपार बोल्ट घालून, खालून पोलादी पट्टी लावून आवळायला सुताराला सांगा. गच्चीच्या स्लॅबला मात्र भोक अजिबात पाडू देऊ नका. एका छत्रीपायी वॉटरप्रूफिंग जातं आणि खालच्या खोलीत, नेमकी पलंगावर, गळती सुरू होते. तिथे वजनच ठेवायचं.

खरं तर हे सगळं घाटात कणसं भाजणाऱ्या बायकांना कधीपासून ठाऊक आहे. तेलाच्या डब्यात नाहीतर जुन्या टायरमध्ये मधोमध पाइप उभा करून काँक्रीट ओततात, झाला पाया. वर तीन बाजूंनी दोर. त्यातल्या एक मावशी मला म्हणाल्या, ‘‘ताई, छत्री उघडणं सोपं वो. मिटायची कवा, ते कळाया पायजे. झाडाचा शेंडा हालला की आमी मिटतोच. गिऱ्हाईक भिजलं तर भिजू द्या.’’ पाहुण्यांच्या मर्जीसाठी छत्री उघडी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. रात्री तर ती मिटून, पट्टा बांधून आडवीच करावी.

याच बायकांसाठी, जाता जाता, एक गोष्ट. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ साली झाला. शहरात नोंदणी आणि विक्रीचं प्रमाणपत्र असलेल्या विक्रेतीला हलवायचं तर आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांच्या जागांपैकी एक तृतीयांश बायकांच्या आहेत. पण नोंदणीला घरातला पुरुष जातो आणि दिवसभर धुरात बसते ती! नाव तिचंच लागलं पाहिजे. कायदा शहरापुरता आहे, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या हद्दीत बसणाऱ्या आमच्या बायकांना त्याचा आधार नाही.

आपल्याकडे भातलावणीला इरलं वापरायचे. बांबूच्या कामट्या आणि पानांचं, डोक्यावरून पाठीवर उतरणारं. वाकून लावणी करताना दोन्ही हात मोकळे, आणि वारं पाठीवरून निसटून जायचं, अडकायचं नाही. आता इंद्रायणीच्या खाचरांत प्लास्टिकचे कागद दिसतात.

पावसापेक्षाही सांभाळायचं ते विजेला. मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात उघड्या माळावरची उंच, धातूच्या दांड्याची छत्री म्हणजे संकटाला बोलावणं. गडगडाट ऐकू आला की पाहुण्यांना सरळ घरात घ्या, दांड्याला हात लावायला जाऊ नका, मिटायचीसुद्धा नाही. पुण्याच्या हवामान संस्थेचं, म्हणजे आयआयटीएमचं, ‘दामिनी’ नावाचं मोफत ॲप आहे. जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की ते मोबाइलवर इशारा देतं. मुलांकडून टाकून घ्या.

दोन पावसाळ्यांत छत्रीचं कापड बुरशीने काळं पडतं, सांगाडा मात्र शाबूत असतो. तो फेकू नका. जुनं कापड उसवून एका पाकळीचं माप काढा, गावातल्या शिलाईवाल्या ताईंकडून तेवढ्याच पाकळ्या नव्याने शिवून घ्या. बाजारातल्या नव्या छत्रीपेक्षा ते स्वस्त पडेल. फक्त शेंड्याला वितभर झरोका ठेवून वर छोटी टोपी शिवायला सांगा, म्हणजे आत शिरलेलं वारं वरून निघून जातं.