पदवीचे अखेरचे वर्ष आणि नव्या नोकरीचे बोलावणे

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. गेल्या काही दशकांत त्याला गोदामांचे शहर अशी दुसरी ओळख लाभली आहे. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर अशा गावांच्या शिवारांत आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. तेथे दिवसभर मालाच्या नोंदी वा हिशेब सांभाळून रात्री पदवीचा अभ्यास करणारी अनेक मुले-मुली आपल्या परिचयाची असतील. अशा तरुणांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. पदवीला थोडे महिने उरले असताना अधिक पगाराच्या नोकरीचे बोलावणे आले, तर काय करावे?

एक उदाहरण कल्पून पाहू. वाणिज्य शाखेच्या अखेरच्या वर्षाला असलेली एक युवती माणकोलीच्या गोदामात कारकुनी करते. पगार १४,००० रुपये, रविवारची सुट्टी, घर जवळ. वडील यंत्रमागावर मीटरच्या हिशेबाने काम करतात आणि हल्ली त्यांचे काम कमी झाले आहे. जून महिन्यात तिला नवी मुंबईतून १९,००० रुपयांची नोकरी चालून येते. मात्र तेथे फिरती पाळी आहे. पदवी पूर्ण होण्यास दहा महिने उरले आहेत.

दहा महिन्यांचे पन्नास हजार रुपये अधिक मिळणार, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु प्रवासाचे बाराशे आणि बाहेरच्या खाण्याचे आठशे रुपये दरमहा वजा केले, तर हाती तीस हजारच राहतात. या कुटुंबाला ती रक्कमही लहान नाही. म्हणून खरा प्रश्न असा, की या तीस हजारांसाठी पदवी एक वर्ष लांबण्याचा धोका पत्करावा काय?

याचे उत्तर पगाराच्या आकड्यात नसून वर्षाच्या दिनदर्शिकेत आहे. मुंबई विद्यापीठाच्या सत्र परीक्षा साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे या काळात येतात. गोदामांत नेमक्या दिवाळीच्या सुमारास मालाची सर्वाधिक वर्दळ असते. हिशेबाच्या कामात ३१ मार्चची वर्षअखेर आणि उन्हाळी परीक्षेची तयारी एकमेकींना भिडतात. ज्या दिवसांत विद्यार्थ्याला रजा हवी, त्याच दिवसांत मालकाला माणसे हवी असतात. जुन्या ठिकाणी ओळखीने मिळणारी रजा नव्या ठिकाणी मिळेलच, असे नाही. शिवाय नियमित अभ्यासक्रमाला ७५ टक्के उपस्थितीचा नियम आहे, हेही विसरता कामा नये. म्हणून होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात : परीक्षेच्या तारखांना रजा देणार काय, आणि तसे नेमणूकपत्रात लिहून देणार काय? परीक्षेनंतर रुजू होण्याची मुदत मागण्यातही संकोच नसावा. फार तर नकार मिळेल. पण विचारले नाही, तर संधी असूनही ती कळणार नाही.

नोकरी बदलायचीच ठरली, तर नेमणूकपत्र हाती आल्याखेरीज जुनी नोकरी सोडू नये. भविष्य निर्वाह निधीची रक्कम काढून न घेता त्याच सार्वत्रिक खाते क्रमांकावर नव्या नोकरीत वळवावी. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी रक्कम काढल्यास तिच्यावर कर लागू शकतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांचे अंशदान लागते. दोन नोकऱ्यांमध्ये मोठा खंड पडला, तर हा आधार निसटतो. गोदामांत पुष्कळ नेमणुका कंत्राटदारामार्फत होतात. तेव्हा पगार कोण देणार आणि ही अंशदाने कोण भरणार, हे आधीच समजून घ्यावे.

घरची निकड एवढी असेल, की थांबणे शक्यच नाही, तर नोकरी बदलण्यात अपराध नाही. मात्र त्याच आठवड्यात शिक्षणाचीही व्यवस्था लावावी. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून दूरशिक्षणाची सोय आहे, तर १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नोकरदारांना घरी राहून शिकू देते. २०२१ साली सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत मिळविलेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे जमा राहू शकतात. आपल्या अभ्यासक्रमाला ही सवलत लागू आहे काय आणि प्रवेशाची मुदत कोणती, याची महाविद्यालयाच्या कार्यालयात चौकशी करावी. श्रेयांक जमा राहतात खरे; परंतु सुटलेली अभ्यासाची सवय परत लावणे कठीण जाते.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनाही असा पेच पडला होता. पस्तिशी उलटल्यावर, १५२८ साली ते पॅरिसला शिकावयास गेले. ज्याच्याकडे त्यांनी आपले पैसे ठेवले होते, त्याने ते खर्च करून टाकले. त्यांना एका दूरच्या धर्मशाळेत आसरा घ्यावा लागला. उजाडल्याशिवाय तेथून निघता येत नसे आणि सायंप्रार्थनेच्या घंटेपूर्वी परतावे लागे. त्यामुळे तास बुडू लागले. एखाद्या अध्यापकाची चाकरी करून शिकावे म्हणून त्यांनी खटपट केली, पण चाकरी मिळाली नाही. अखेरीस दरवर्षी जेमतेम दोन महिने फ्लँडर्सला जाऊन दानशूरांकडून वर्षभराची मदत गोळा करावी आणि उरलेला काळ अध्ययनास द्यावा, असा मार्ग त्यांनी स्वीकारला. चरितार्थाची सोय त्यांनी अभ्यासाच्या सोयीने बेतली आणि पदवी संपादन केली.

निर्णय कसा घ्यावा, याविषयीही या संताने मार्गदर्शन केले आहे. मन खचलेले असताना आधीचा निश्चय बदलू नये. दोन्ही बाजूंचे लाभ व हानी मांडून पाहावेत. आणि आपल्या जागी एखादा अनोळखी माणूस असता, तर त्याला आपण कोणता सल्ला दिला असता, हे स्वतःला विचारावे. साहेबांचा शब्द लागला म्हणून त्याच संध्याकाळी राजीनामा लिहिणाऱ्याने ही पहिली सूचना ध्यानी धरावी.

आपल्या उदाहरणातील युवतीला रजेचे लेखी आश्वासन किंवा परीक्षेनंतर रुजू होण्याची मुदत मिळाली, तर तिने नवी नोकरी अवश्य घ्यावी. दोन्हींपैकी काहीच मिळाले नाही आणि घर कसेबसे चालत असेल, तर दहा महिने धीर धरणे शहाणपणाचे ठरेल. मात्र धीर धरण्याचा भार एकट्या मुलीवर टाकू नये. घरातील सर्वांनी एकत्र बसून तीस हजारांची तूट कोण कशी भरून काढणार, हे ठरवावे. तसे झाले, तर ती पदवी साऱ्या घराची कमाई ठरेल.