सोलापूर ते गोकर्ण, ३७ दिवस: दोन निवृत्त माणसं आणि एक कॅम्पर व्हॅन

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलण्यातला पाल्हाळ थोडा कापलाय, सगळा नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं २० जानेवारीला सोलापुरातून निघालो आणि २५ फेब्रुवारीला परत आलो. रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला, गोवा, कारवार, गोकर्ण. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, हे रेल्वेत लोको पायलट होते. ह्यांचं वय ६३, माझं ६०. ह्यांना निवृत्तीनंतर दोन वर्षांनी इन्सुलिन सुरू झालं. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या प्रवासाची निम्मी आखणी त्या एका गोष्टीवर झाली.

पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच. "सोलापुरातनं थंडीत ऊब शोधायला कशाला जायचं? आपल्याकडं वर्षातले तेच तर दोन महिने बरे असतात!" अगदी खरं आहे. अमेरिकेत आणि कॅनडात निवृत्त माणसं बर्फ टाळायला घरासारख्या गाड्या घेऊन फ्लोरिडाला नाहीतर टेक्सासच्या किनाऱ्याला उतरतात. त्यांना तिकडं ‘स्नोबर्ड’ म्हणतात. आपल्याकडं बर्फ नाही, पण कोरडी थंडी आहे. दुपारी सोलापूर काय आणि रत्नागिरी काय, जानेवारीत दोन्हीकडं पारा तिशीच्या आसपास असतो. फरक पडतो रात्री. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, समुद्र हळू तापतो आणि हळू निवतो. वर किनाऱ्याच्या हवेत बाष्प असतं, ते जमिनीची उष्णता चटकन निसटू देत नाही. म्हणून सोलापुरात पहाटे अंग आखडतं त्या वेळी मालवणात चादर पुरते (आमचीच, सोलापुरी). माझे गुडघे आणि तळपायाच्या भेगा दोन्हींना ती हवा मानवली. सगळ्यांना मानवेल असं नाही. दम्याच्या माणसानं दमट हवेत महिनाभर राहण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

तारीख ठरवायला मात्र आम्हाला हवामान नाही, सिद्धेश्वर आडवे आले. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वज सोडून कुठला सोलापूरकर बाहेर जाईल? शिवाय हुरडा. त्यामुळं यात्रा उरकून निघालो, आणि ते पथ्यावरच पडलं. नाताळ आणि ३१ डिसेंबरची गर्दी ओसरलेली असते, आंब्याला मोहोर असतो आणि मार्चची काहिली अजून लांब असते. एक मात्र बघून ठेवा. मसुरे गावची आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा याच दिवसांत येते. तिची तारीख पंचांगात सापडत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दोन दिवसांत मालवण भागात गाडी वळवायलाही जागा मिळत नाही. महाशिवरात्रीला कुणकेश्वरला तीच गत.

आता गाडी. आमची गाडी म्हणजे आखूड ट्रॅव्हलर, कॅम्पर म्हणूनच आरसीवर नोंद असलेली. हा नोंदीचा मुद्दा नीट समजून घ्या. जुनी व्हॅन घ्यायची, मागच्या सीट काढायच्या, सुताराकडून पलंग ठोकून घ्यायचा, छताला भोक पाडून पंखा बसवायचा, असं बरेच जण करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. पोलिसानं अडवलं तर दंड भरून सुटाल, पण अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं तिथंच बोट ठेवते. ज्यांना फक्त करून बघायचंय त्यांनी सरळ भाड्यानं घ्यावी. महाराष्ट्राचं स्वतःचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्याच वर्षी केरळचंही. आठ दिवस भाड्याच्या गाडीत झोपून पाहिलं की कळतं, आपल्याला हे आवडतंय की नुसत्या व्हिडिओत आवडत होतं.

तिकडच्या स्नोबर्डांना ठरलेल्या तळांवर पाणी, वीज आणि सांडपाण्याची नळी जागेवर मिळते. आपल्या किनाऱ्यावर तसे तळ फार तुरळक. म्हणून सगळा हिशेब आपल्याच गाडीत मांडावा लागतो.

विजेचं सांगते, म्हणजे इन्सुलिनचंही त्यात येईल. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि ते गोठलं तर फेकून द्यायचं. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या आत. दुपारी उन्हात उभ्या व्हॅनमध्ये ३० अंश कधीच मागे पडतात. म्हणून आमच्या गाडीतली पहिली वस्तू म्हणजे १२ व्होल्टचा ४० लीटरचा फ्रिज. तो चालू असताना ४५ वॅट घेतो, दिवसातला निम्म्याहून थोडा कमी वेळ चालतो, म्हणजे जवळजवळ ५०० वॅट-तास. दोन छोटे पंखे रात्रभर साडेतीनशे. दिवे, मोबाइल दीडशे. झाले एकूण हजार. आमची लिथियम बॅटरी २०० अँपिअर-तासांची, म्हणजे अडीच हजार वॅट-तास. ऊन मिळालं नाही तरी दोन दिवस निघतात. याच बॅटरीवर इंडक्शन लावलं तर? दीड हजार वॅटची शेगडी ४० मिनिटं चालली की दिवसभराची वीज एका स्वयंपाकात संपली! म्हणून आम्ही ५ किलोचा छोटा गॅस ठेवला, आणि स्वयंपाक मागचं दार उघडून.

दार उघडून का, ते ऐका. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही, झोपलेल्याला कळतही नाही. त्यामुळं इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपायचं नाही, बंद गाडीत शेगडी पेटवायची नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाशी ठेवायचा. हा खर्च टाळू नका.

पाण्याची टाकी ८० लीटरची. दोघांना तीन दिवस पुरली. काही दिवसाआड नळाला पाणी येणाऱ्या शहरातून आलेल्या माणसाला पाणी पुरवून वापरायला कुणी शिकवावं लागत नाही! पण किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी फेब्रुवारीत मचूळ होतं, टाकी भरण्याआधी एक घोट घेऊन बघा. संडासाची पेटी वेगळी काढता येते, ती मुक्कामाच्या घरी विचारून त्यांच्या संडासात रिकामी करायची. खाडीत नाही, झुडपात नाही.

मुक्काम बहुतेक वेळा लोकांच्या आवारात केला. न्याहारी-निवासवाल्यांना विचारायचं, "काका, खोली नको, गाडी लावू का? जेवण तुमच्याकडंच घेऊ." रात्रीचे ३०० ते ५०० रुपये आणि जेवणाचे वेगळे, असं बहुतेक ठिकाणी जमलं. सिंधुदुर्गात घरापुढं सारवलेलं खळं असतं, त्यावर चुकूनही चाक घालू नका. आणि माडाखाली गाडी उभी करायची नाही. सावली बघून सगळ्यांना तोच मोह होतो, पण नारळ वरून पडला की छताचा पत्रा नाहीतर सोलर पॅनेल जातं. सोलरला तसंही ऊनच हवं.

खिडकीचं तोंड कुठं करायचं, यालाही एक शास्त्र आहे. दुपारी जमीन तापून तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून वारा येतो, ते खारे वारे. रात्री उलटं, जमीन निवते आणि वारा समुद्राकडं वाहतो, ते मतलई वारे. चौथी-पाचवीच्या मुलांना मी हे फळ्यावर कितीदा शिकवलं असेल! पण गालावर पहिल्यांदा कळलं ते देवगडला. म्हणून दिवसा पश्चिमेची खिडकी उघडी, झोपताना पूर्वेची. दोन्ही बंद ठेवल्या तर दोघांच्या श्वासाची वाफ पत्र्याला लागून पहाटे अंथरुणावर ठिबकते.

वाळूवर गाडी नेऊच नका. आम्हा देशावरच्या माणसांना समुद्र कधी येतो आणि कधी जातो हे कळत नाही. दर हिवाळ्यात कुणाची तरी गाडी भरतीत रुतल्याची बातमी येतेच. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी चालवणं हा गुन्हाच आहे, आणि उघड्यावर स्वयंपाक केला तरी दंड होतो. यावर आपले लोक चिडतात. मला विचाराल तर गोवेकरांचं बरोबर आहे. रस्त्याकडेला चुली मांडून खरकटं तिथंच टाकून जाणारे पाहिले की आपल्या अंगणात हे चाललं असतं का, असं वाटतं.

आमचं अर्धं जेवण तसंही चुलीविनाच होतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पाण्याचा अंश काढून टाकलेली ज्वारीची भाकरी, नीट बांधून ठेवली तर आठवडेच्या आठवडे टिकते. फक्त किनाऱ्याच्या दमट हवेत ती मऊ पडते, तर पत्र्याच्या घट्ट डब्यातच ठेवा. मालवणात एका वहिनींना दिली, त्यांनी सोलकढीत बुडवून खाल्ली. वाईट नाही लागत!

आता मुख्य गोष्ट. निघण्याच्या वर्षभर आधी मी ह्यांना म्हणाले, "गाडी तुम्ही चालवणार, आणि तुम्हालाच काही झालं तर?" ह्यांनी थोडा वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "इंजिनात आम्ही दोघं असायचो. एकट्यानं कधी गाडी नेली नाही." दुसऱ्या आठवड्यात मी ५९व्या वर्षी लर्निंग लायसन्स काढलं. चाळिशीनंतर डॉक्टरांचा फॉर्म १-अ लागतो. लर्निंगनंतर महिनाभर थांबून पक्क्याची परीक्षा देता येते, आणि पंचावन्नच्या पुढं लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं. क्लासच्या मुलानं मला छोट्या गाडीवर शिकवलं, ट्रॅव्हलर ह्यांनी शिकवली. सोलापूर–मंगळवेढा रस्त्यावर पहाटे. ह्यांचा एकच धडा: उतारावर ब्रेक हा शेवटचा उपाय. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करायचं नाही, ब्रेक तापले की लागत नाहीत. आंबा घाट मी उतरवला. हे शेजारी बसून एक शब्द बोलले नाहीत, फक्त पाय उगाच दाबत होते.

त्याचा उपयोग वेंगुर्ल्याच्या अलीकडं झाला. पहाटे तीनला ह्यांना दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. साखर ५२ भरली. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. दिली. ६१ झाली. पुन्हा दिली. ७८. माणूस शुद्धीत असेल तरच तोंडानं द्यायचं, नाहीतर घशात अडकतं. मी १०८ ला फोन लावला, पण गाडी यायला वेळ लागणार होता आणि सरकारी रुग्णालय १४ किलोमीटरवर होतं. मी किल्ली फिरवली. दोन्हीकडं जांभ्याचे गडगे, समोरून कुणी आलं तर मागं घ्यायला जागा नाही. कुणी आलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी रात्रीचा डोस कमी केला. दिवसभर किनाऱ्यावर चालणं आणि रात्री हलकं जेवण, घरच्या डोसाला ते झेपलं नव्हतं.

तेव्हापासून दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे: दोघांची औषधं, रक्तगट, पुढच्या मुक्कामाजवळचं रुग्णालय. सिंधुदुर्गात ओरोसला जिल्हा रुग्णालय, सावंतवाडी आणि कणकवलीला उपजिल्हा, आणि मोठं काही असेल तर गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज. १०८ महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक तिन्हीकडं चालतो. रोज स्टिअरिंग धरण्याआधी ह्यांची साखर बघायची, शंभराच्या खाली असेल तर त्या दिवशी मी चालवते. ह्यांना ते फारसं आवडत नाही.

तुम्ही म्हणाल, मग परत फिरला का नाहीत? डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले जा. गेलो. रेडीहून तेरेखोलची फेरी टाळली, आमच्या गाडीचा मागचा भाग लांब आहे, ओहोटीत उतारावर घासला असता. बांदा–पत्रादेवीवरून गोव्यात शिरलो. कारवारला काळी नदीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, त्याचे अवशेष नव्या पुलावरून बघताना हे पुलाच्या खांबांबद्दल अर्धा तास बोलले. कारवारच्या किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ तिथं न्यायाधीश होते, आणि पुढं आपल्या सोलापुरातही.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: १,९०० किलोमीटर, लीटरला दहाच्या हिशेबानं डिझेल साडेसतरा हजारांच्या आसपास. मुक्काम साधारण १५ हजार. जेवणाचं तुमच्या मासळीवर अवलंबून.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी गाडी रॅम्पवर चढवून खालून गोड्या पाण्यानं धुऊन घ्या. चॅसी, ब्रेकचे पाइप, बॅटरीचे टर्मिनल, सगळीकडं खार बसलेला असतो, आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत तो दिसत नाही म्हणून राहून जातो.